उंबरवाडीचे चोवीस पत्रे

उंबरवाडीच्या शाळेला एकच खोली होती. तिसरी-चौथी त्या खोलीत अप्पाराव गुरुजींपुढं बसायची आणि पहिली-दुसरी मारुतीच्या देवळात. कौसल्या साळवे त्र्याहत्तरच्या जूनमध्ये तिथं रुजू झाली, तेव्हा पहिली-दुसरी तिच्याकडे आली. डीएड होऊन मिळालेली तिची ही पहिलीच नोकरी. नवरा राजूरला एका खाजगी हायस्कुलात मास्तर होता आणि दोन वर्षांची मुलगी तिथंच सासूजवळ राहायची.

पहिल्या दिवशी गुरुजी तिला देवळापर्यंत सोडायला आले. पायऱ्यांपाशी थांबून, इकडंतिकडं बघत ते म्हणाले, "बाई, एक सांगायचं राह्यलं. तुम्ही इथं पायरीवर उभं राहून शिकवा. आतल्या पोरांना बराबर ऐकू येतं. मंग कुणाला काही बोलायची जागा राहात न्हाई."

"आणि फळा?"

"फळा आत हाय. एखाद्या हुशार पोरीला लिहायला सांगायचं."

कौसल्याला सगळं कळलं. बौद्ध वस्तीतली तेरा पोरं पायऱ्यांच्या खाली, उन्हात फरशीवर पोती टाकून बसली होती. गावातली तीस पोरं आत सावलीत होती. मध्ये चौथ्या पायरीवर ती. ती सांगायची, "क काढ, त्याला काना दे," आणि आतली सात वर्षांची मुलगी खांबाला टेकवलेल्या फळ्यावर ते काढायची. मुलगी चुकली तर बाईंना जाऊन पुसता येत नसे. "अगं, उलटा झाला, उलटा," असं बाहेरून ओरडावं लागे. खालच्या पोरांना तर फळा दिसतच नव्हता. त्यांच्यासाठी ती विटेच्या तुकड्यानं फरशीवर पुन्हा सगळं लिहायची.

भांडायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण भांडून देवळात शिरण्यापेक्षा देवळाची गरजच पडू नये, असं तिनं ठरवलं. दुसरी खोली झाली की सगळी पोरं एका जमिनीवर बसतील. तिनं अर्जामागून अर्ज केले. दिवाळीनंतर पंचायत समितीचं पत्र आलं. गावानं भिंती उभ्या कराव्यात. छपराचे पत्रे, वासे, दार आणि खिडक्या समिती देईल. अडीच हजार रुपये मंजूर.

गावकीच्या बैठकीत कुणी नाही म्हटलं नाही. देवळातली शाळा जाऊन देऊळ मोकळं होईल, याचाच बऱ्याच जणांना आनंद होता. दुष्काळी कामावर फोडलेला दगड शिवारात तसाच पडून होता, तो बैलगाड्यांनी आणला. वस्तीतला कडूबा गवंडी. त्यानं दोन महिने एक पैसा न घेता भिंती चढवल्या. त्याची बेबीनंदा दुसरीत होती. संध्याकाळी ती चिखल तुडवू लागायची आणि कौसल्याही पदर खोचून दगड उचलून द्यायची. संक्रांतीपर्यंत भिंती वाशाला आल्या. दाराची चौकट बसेल एवढी जागा सोडून कडूबानं थापी धुतली आणि म्हणाला, "माझं काम झालं, बाई. आता वरचं तेवढं सरकारनं करावं."

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुजींनी तिला शाळेत बोलावून एक छापील कागद पुढं केला. त्यावर त्यांची सही झालेली होती.

"इथं खाली सही करा, बाई. सहशिक्षक म्हनून."

तिनं वाचलं. उंबरवाडी शाळेच्या नव्या वर्गखोलीवर चोवीस पत्रे बसवण्यात आले, दार-खिडक्या बसवण्यात आल्या, काम समाधानकारक पूर्ण झाले. पूर्णत्वाचा दाखला होता तो.

"गुरुजी, पत्रे कुठं आहेत?"

"येतेत की."

"येतील तेव्हा सही करू."

"मार्च हाय, बाई. एकतीस तारखेच्या आत कागद गेला न्हाई तर पैसे वापस जातेत."

"पण इथं लिहिलंय, पैसे खर्च झाले. खर्च झालेले पैसे परत कसे जातील?"

गुरुजी तिच्याकडे न बघता पानाला चुना लावत राहिले. "तुम्ही फार वाचता," ते म्हणाले.

सकाळची शाळा होती. दुपारच्या एसटीनं ती तालुक्याला गेली. समितीच्या आवारात शिरताच डाव्या हाताला तिला नवी शेड दिसली. आधी तिथं बाभळीखाली जीप उभी असायची. आता जीप सावलीत होती आणि वर नवे कोरे पत्रे चमकत होते. कौसल्या शेडखाली जाऊन उभी राहिली. एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला बारा. गार सावली होती. जीपचा ड्रायव्हर शेडच्या कोपऱ्यात बाजेवर झोपला होता. त्याच्या उघड्या तोंडावर माशी बसली होती आणि शेजारी अर्धवट खाल्लेल्या कलिंगडाची फोड पडली होती.

शिक्षण विभागात वसंता कारकून होता. तो तिच्या माहेरचा, वस्तीतलाच, चार वर्षांनी लहान. तिला बघून तो उठला. "अक्का, तू कशाला आलीस? निरोप धाडायचा."

"वसंता, उंबरवाडीचे पत्रे जीपवर कसे गेले?"

त्यानं दार लोटलं आणि हलक्या आवाजात बोलू लागला. एकट्या उंबरवाडीचं नव्हतं ते. तालुक्यात अकरा खोल्या मंजूर होत्या, उभ्या राहिल्या तीन. पैसा येतो तेव्हा त्यावर शाळा असंच लिहिलेलं असतं. मग जीपला टायर लागतात, डिझेल लागतं. साहेबांच्या क्वार्टरला कुंपण लागतं. जानेवारीत शिक्षक संमेलन झालं, त्याचा मांडव, लाउडस्पीकर, पाहुण्यांचं जेवण, हार-तुरे. दार-खिडक्यांचे पैसे त्या मांडवात गेले.

"आणि वर्गाला काय उरतं?"

"सादिल उरतं. खडू, शाई, हजेरीपट. तुमच्या शाळेला वर्षाचे चौदा रुपये."

जानेवारीच्या त्या संमेलनाला तीही आली होती. स्वागतगीत म्हणायला उंबरवाडीची दहा पोरं घेऊन ये, असा हुकूम होता. पोरं दोन तास उन्हात उभी होती आणि पाहुणे मांडवात. ग्रामीण मुलाला हक्काचं छप्पर कसं द्यावं, यावर भाषण झालं, तेव्हा तिनंही टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्या आठवणीनं तिला स्वतःच्या हातांचीही शिसारी आली.

ती विस्तार अधिकाऱ्यांकडे गेली. सर्जेराव साहेब म्हणत त्यांना. गोरेपान, बोलायला मऊ. ते तिला पाहून रागावले नाहीत. उलट खुर्ची दिली.

"बसा, बाई. पत्र्यांचं ना? तुमचं बरोबर आहे. पण एक विचार करा. ही जीप कुणासाठी आहे? माझ्या बायकोला बाजाराला न्यायला? ही शाळांसाठीच फिरते. जीप फिरली नाही तर तुमची शाळा तपासणार कोण? तुमचा पगार कोण काढणार? सगळा खर्च शाळेचाच आहे, बाई. कुठं खोलीत होतो, कुठं खोलीबाहेर. एवढाच फरक."

"पोरं खोलीबाहेरच आहेत, साहेब."

ते हसले. टेबलाच्या खणातून त्यांनी लवंग काढून तोंडात टाकली. "तुमची मुलगी राजूरला आहे म्हणे. तीन वर्षांची. आईला ओळखते का?"

त्यांनी खण बंद केला.

"राजूरला एक जागा होतीये जूनमध्ये. मी तुमचं नाव टाकू शकतो. दाखल्यावर सही करून द्या आणि निर्धास्त राहा. पुढच्या वर्षी उंबरवाडीला आधी पत्रे देऊ, माझा शब्द."

तिच्या मनात लेक उभी राहिली, हे ती नाकारणार नव्हती. महिन्यातून दोनदा ती राजूरला जायची. मुलगी आधी आजीच्या मागं लपायची आणि ओळख पटेपर्यंत परत निघायची वेळ व्हायची. एक सही. क्षणभर तिनं खरंच विचार केला, आणि आपण तसा विचार केला याचाच तिला वीट आला.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"घाई नाही. एकतीस तारखेपर्यंत विचार करा," सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी दुसरी फाईल ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या देवळाकडे गेलीच नाही. बिनछपराच्या भिंतींच्या आत तिनं पोती अंथरली, देवळातल्या पोरांना फळा उचलून आणायला सांगितलं आणि पहिली-दुसरी तिथं बसवली. सकाळी पूर्वेच्या भिंतीची सावली पडायची, तेवढ्या पट्ट्यात त्रेचाळीस पोरं दाटीनं बसायची. सावली सरकली की पोरंही सरकायची. दहाच्या पुढं सावली भिंतीला चिकटली की पोरंही भिंतीला चिकटून उभी राहायची आणि पाढे म्हणायची. चार दिवसांनी गावातली अठरा पोरं त्यांच्या बापांनी परत देवळात नेऊन बसवली. तिथं त्यांना शिकवायला कुणी नव्हतं. ती नुसती सावलीत बसायची. बारा पोरं मात्र राहिली. त्यांतल्या एकीच्या आईनं, द्वारकाबाईनं, स्वतः येऊन सांगितलं, "माझी सुमी तुमच्यापाशीच बसंल, बाई. तिकडं काय, ती उवा मारीत बसती."

एकतीस मार्च आला आणि गेला. कुणी सही मागायला आलं नाही. कौसल्याला वाटलं, आपण जिंकलो नाही, पण निदान कागद तरी अडला.

एप्रिलच्या शेवटी बदलीचा हुकूम आला. राजूर, विनंतीनुसार.

तिनं तो दोनदा वाचला. तिनं विनंती केलेली नव्हती. संध्याकाळी वस्तीवरून कडूबा आला. रोज जयभीम घालून ओट्यावर बसणारा कडूबा आज उभाच राहिला.

"बाई, गावात बोलून राह्यलेत की तुम्ही सही दिली आन् बदली घेतली."

"कोण बोलतंय?"

"समदेच. मी इचारायला आलो न्हाई. सांगायला आलो. दोन महिने हातानं दगड चढवले मी. सही करायची व्हती तर करायची, पर मला आधी सांगायचं. मी माझी मजुरी तरी मागितली असती."

"कडूबा, मी सही केलेली नाही."

"मंग कागद कसा गेला?"

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीनं तालुक्याला गेली. वसंतानं कुणाचं लक्ष नाही असं बघून फाईल उघडली. दाखल्यावर अप्पाराव गुरुजींच्या सहीखाली तिची सही होती. क चा तोच गाठीचा फाटा, साळवेच्या ळ चं तेच वेटोळं. बघता बघता तिला भास झाला, की आपणच ही केली आणि विसरलो.

ती परतली तेव्हा गुरुजी घरी दाढी करत होते. अर्धा गाल साबणानं भरलेला. तिला दारात बघून त्यांचा वस्तरा थांबला.

"माझी सही तुम्ही केली," ती म्हणाली.

त्यांनी नाकारलं नाही. हेच तिला सगळ्यात घाण वाटलं. त्यांनी शांतपणे गाल पुसला आणि समजावू लागले, जसं पहिलीतल्या पोराला समजावावं.

"हजेरीपटावरून गिरवली चार-पाच वेळा. माझे दोन वर्षं राह्यले, बाई. साहेब नाराज झाले तर पेन्शन अडकती. आन् मी काय तुमचं वाईट केलं का? लेकराजवळ चालल्या तुम्ही. सही तुम्ही दिली असती तर तुमच्या जिवाला लागलं असतं. म्हनून मी दिली. पाप माझ्या माथ्यावर, फळ तुमच्या पदरात."

"गुरुजी, तुम्ही चाळीस वर्षं पोरांना अक्षर शिकवलं."

"हो की," ते म्हणाले. त्यांना त्यात प्रशंसाच ऐकू आली असावी. त्यांची बायको आतून चहाची कपबशी घेऊन आली. कौसल्या तशीच मागं फिरली.

त्या रविवारी ती राजूरला गेली. नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो भला माणूस होता, कधी तिच्यावर आवाज चढवत नसे. ऐकून तो म्हणाला, "तू सही केली नाहीस, तुझा धर्म तू पाळलास. आता दुसऱ्यानं केली. तू नुसती गप राहिलीस तरी चाललं असतं ना?"

"चाललं असतं," ती म्हणाली. तिच्या मांडीवर मुलगी झोपली होती. मुलीचं डोकं उशीवर ठेवून तिनं तिथंच, त्याच्यासमोर बसून, जिल्हा कचेरीला अर्ज लिहिला. दाखल्यावरची सही माझी नाही. खोलीवर छप्पर नाही. राजूरची बदली मी मागितलेली नाही, ती मला नको. शेवटची ओळ लिहिताना तिचा हात थांबला होता. नवऱ्यानं ते पाहिलं आणि उठून बाहेर गेला.

मेच्या मध्यावर चौकशी आली. जिल्ह्याचे एक अधिकारी आले, आणि आले ते त्याच जीपमधून, सर्जेरावांच्या शेजारी बसून. उतरले ते अप्पाराव गुरुजींच्या ओसरीवर. गुरुजींनी दोन कोंबड्या कापल्या होत्या. कौसल्याला निरोप आला, की जेवणं उरकल्यावर या. ती दीड तास ओसरीखाली उभी होती. आतून रश्श्याचा वास येत होता, हसण्याचे आवाज येत होते. हाडं चोखून झाल्यावर अधिकारी बाहेर आले, अंगणात चूळ भरली आणि ती कौसल्याच्या पायांपासून हातभर अंतरावर पडली.

त्यांनी तिच्याकडून कोऱ्या कागदावर पाच सह्या करून घेतल्या. दाखल्यावरची सही शेजारी धरली. चष्मा वर-खाली केला.

"सारखीच दिसते."

"गिरवलेली आहे, साहेब. गुरुजींनी मला स्वतः सांगितलंय."

"गुरुजी?"

अप्पाराव हात जोडून उभे होते. "मी असं काही बोललो न्हाई, साहेब. बाईंना उन्हाचा त्रास हाय. बिनछपराच्या जागी बसतेत त्या."

कौसल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजींना आपण काय बोलून गेलो ते कळलं आणि त्यांनी मान खाली घातली. ती अधिकाऱ्यांकडे वळली. "ऐकलंत, साहेब? बिनछपराच्या. इथून दोनशे पावलं आहे. चला, मी दाखवते. वर बघितलं की आभाळ दिसतं."

अधिकाऱ्यांनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"बाई, चौकशीचा विषय सहीचा आहे. छपराचा नाही."

"छप्पर असतं तर सहीचा विषयच निघाला नसता."

"ते तुम्ही वेगळ्या अर्जात लिहा," ते म्हणाले. सर्जेरावांनी त्यांच्यापुढं सुपारीची डबी धरली.

दोनशे पावलं कुणी चाललं नाही. जीप निघाली तेव्हा भिंतींपाशी कडूबा आणि वस्तीतली सात-आठ माणसं वाट बघत उभी होती, साहेब खोली बघायला येतील म्हणून. सकाळपासून उभी होती. जीप त्यांच्यासमोरून धुरळा उडवत निघून गेली. कडूबानं तोंडावरचा धुरळा पुसला आणि कौसल्याकडे पाहिलं. आता त्याला विचारायचं काही उरलं नव्हतं.

"चला," तो बाकीच्यांना म्हणाला. "तुराट्या हायेत का कुणाच्या घरी?"

आठवडाभरात त्यांनी अर्ध्या खोलीवर बाभळीचे वासे टाकून तुराट्यांचं छप्पर घातलं. अर्ध्यावरच पुरलं. द्वारकाबाईनं ज्वारीच्या सरमाडाच्या पाच पेंढ्या आणून दिल्या. सुटी असूनही पोरं आत शिरली तेव्हा कौसल्या त्यांच्याबरोबर होती, पण तिला हवा होता तसा आनंद झाला नाही. ज्यांच्या पोटात ते पत्रे गेले, त्यांना यानं काहीच झालं नव्हतं. त्यांना तर बरंच वाटलं असेल.

जूनमध्ये निकाल आला. आरोप सिद्ध होत नाही. राजूरची बदली रद्द, आणि वरिष्ठांवर निराधार आरोप केल्याबद्दल तिची नेमणूक दुसऱ्या तालुक्यात, एसटी फक्त बाजाराच्या दिवशी जाते अशा गावी. या वेळी तिनं मुलीला सासूकडून मागून घेतलं आणि बरोबर नेलं. सासू रडली, नवरा काही बोलला नाही. त्याच्या गप्प राहण्याला ती कंटाळली होती.

तालुक्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. वसंता तिला शोधत आला. त्यानं मुलीच्या हातात गोळ्यांचा पुडा दिला, ट्रंक उचलून बाकावर ठेवली आणि मग बाकाच्या कडेला बसून राहिला.

"अक्का, तुला एक सांगायचं होतं. रागावू नको."

"सांग."

"उंबरवाडीची खोली पूर्ण म्हणून यादीत चढली. पूर्ण झालेल्या खोलीला परत पैसा मिळत न्हाई. दहा वर्षं तरी त्या गावाचं नाव यादीत येणार न्हाई."

कौसल्यानं मुलीला गोळ्यांचा पुडा सोडून दिला.

"आन् त्या दिवशीची चौकशी. त्यांचा प्रवासभत्ता, जीपचं डिझेल, ते समदं शाळेच्याच खर्चात टाकलं. उंबरवाडीच्या नावावर."

"कोंबड्या?"

"त्या गुरुजींच्या पदरच्या," तो म्हणाला आणि उगाच हसायला गेला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू विरलं.

"ती यादी तूच लिहिलीस का, वसंता?"

"मलाच लिहावी लागती, अक्का. माझं कामच हाय ते."

"माहीत आहे. तुझं अक्षर चांगलं आहे."

वसंता "चहा आणतो," म्हणून उठला. तो हॉटेलाकडे वळला तेवढ्यात तिची गाडी लागली. कौसल्यानं मुलीला कडेवर घेतलं, ट्रंक स्वतःच ओढत दारापर्यंत नेली आणि चढून खिडकीशी बसली. वसंता दोन कप घेऊन धावत आला, खिडकीखाली उभा राहिला, हात वर केला. तिनं कप घेतला नाही. कंडक्टरनं घंटी दिली.

"आई, तो मामा कोण होता?" मुलीनं विचारलं.

"समितीतला कारकून," कौसल्या म्हणाली, आणि पुढच्या गावाचं दीड तिकीट काढायला तिनं पदराची गाठ सोडली. कंडक्टर म्हणाला, तीन वर्षांच्या पोरीला तिकीट लागत नाही. "बरं झालं," ती म्हणाली. सकाळपासून कुणाशी तरी तेवढंच एक ती मनापासून बोलली.